छायाचित्रांची ठेव कोठें ठेवावी?

पूर्वीं घरांत वर्षां-दोन वर्षांतून एखादें छायाचित्र निघे. लग्न असो, मुंज असो किंवा कोणी दूरदेशीं जावयाचें असो, छायाचित्रकारास बोलावणें जाई, माजघरांतील सतरंजी अंगणांत येई, आणि वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर, मुलें खालीं व स्त्रिया मागच्या रांगेंत, अशी सर्वांची मिळून एक तसबीर तयार होई. तिच्या मागें तिथि व सन लिहून ती भिंतीवर टांगली, कीं तिच्या रक्षणाची काळजी संपली. आज तेंच घर एका सत्यनारायणाच्या पूजेचीं तीनशें छायाचित्रें काढतें. तीं मोबाईलमध्यें मावत नाहींत, म्हणून इंटरनेटवर कोठें तरी फुकट ठेवलीं जातात. आणि तीं कोठें ठेवलीं, किती दिवस राहतील, परत मागितलीं तर मिळतील काय, हें घरांतील एकाही माणसास नक्की सांगतां येत नाहीं.

संस्कृतांत योगक्षेम असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. जें आपल्याजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. छायाचित्रांच्या बाबतींत योग आतां इतका सुलभ झाला आहे, कीं क्षेमाचा विचार अगदींच मागें पडला. आमच्या नांदेड-लातूरकडील कुटुंबांस तर हा विचार विशेष अगत्याचा आहे. ज्या अभ्यासाच्या पद्धतीस सारा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो, त्याच अभ्यासाच्या बळावर इकडचीं मुलें पुण्यास, बंगळुरास व परदेशीं गेलीं. घर एक, पण माणसें चार गांवीं, अशी स्थिति झाल्यावर आजी-आजोबांस नातवंडाचें पहिलें पाऊल दिसतें तें छायाचित्रांतच. तेव्हां इंटरनेटवर जागा हवीच. आणि ती विकत घेण्यापूर्वीं फुकट कोठें मिळते हें पाहणेंही गृहस्थास शोभणारेंच आहे. मात्र ती निवडतांना कोणती कसोटी लावावी, एवढाच प्रश्न उरतो.

एका ठिकाणीं ठेवलेलें

हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल, तर त्यानें 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवावी. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गांवांखालची जमीन हादरली; आणि लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. घरें दगडामातीच्या जाड भिंतींचीं आणि वर माळवदाचा भार, म्हणून तीं माणसांच्या अंगावरच बसलीं. त्या ढिगाऱ्यांत धान्य गेलें, दागिने गेले, आणि भिंतीवरच्या तसबिरीही गेल्या. पुढें 52 गांवें दुसऱ्या जागीं नव्यानें वसविण्यांत आलीं. घर पुन्हां बांधतां येतें. परंतु गेलेल्या आईची एकुलती एक तसबीर गेली, ती कोणत्याही सरकारास परत बांधून देतां येत नाहीं. जिची एखादी प्रत लेकीच्या सासरीं किंवा पुण्यामुंबईच्या नातलगाकडे असेल, तिचाच काय तो चेहरा मागें उरावयाचा.

यावरून पहिला धडा असा, कीं जें एकाच ठिकाणीं आहे तें सुरक्षित नाहीं, मग ती जागा वाडवडिलांची कां असेना. या दृष्टीनें पाहतां इंटरनेटवरील साठवण हा मोठाच उपकार आहे. घराबाहेर, शेंकडों कोसांवर, आपल्या चित्रांची एक प्रत राहते, आणि तीसाठीं टपालखर्चही पडत नाहीं. म्हणून "हें नवें खूळ आम्हांस नको" असें म्हणणाऱ्या वृद्धांच्या पक्षांत आम्ही नाहीं.

फुकट घरांची पडझड

परंतु दुसरा धडाही तितकाच खरा आहे. या दूरच्या इमारतीही पडतात; फक्त त्यांच्या पडण्याचा आवाज होत नाहीं.

2004 सालीं सुरू झालेलें ऑर्कुट आमच्या तरुणांनीं डोक्यावर घेतलें होतें. भारत व ब्राझील या दोन देशांतच त्याचा मुख्य प्रसार. कॉलेजांतील सहली, स्नेहसंमेलनें, पहिल्या नोकरीच्या गांवचीं चित्रें, सारें तेथें. तें 30 सप्टेंबर 2014 रोजीं बंद झालें. चालकांनीं चित्रें काढून नेण्यास पुढें कांहीं काळ मुदत ठेवली होती. पण ज्यांस वार्ता लागली नाहीं किंवा परवलीचा शब्द आठवला नाहीं, त्यांस त्या मुदतीचा काय उपयोग? याहूची छायाचित्रांची सेवा 2007 सालींच बंद झाली होती. गूगलचें पिकासा 2016 सालीं निवृत्त झालें.

जीं घरें उभीं राहिलीं, त्यांनीं भाडें मागण्यास आरंभ केला. फोटोबकेट ही 2003 पासूनची जुनी सेवा. तेथें ठेवलेलीं चित्रें दुसऱ्या ठिकाणीं दिसावयाचीं असतील तर वर्षास सुमारें 400 डॉलर द्यावेत, असें तिनें 2017 सालीं एकाएकीं ठरविलें. फ्लिकरनें 2013 सालीं प्रत्येकास 1 टेराबाइट, म्हणजे सुमारें 1,000 गिगाबाइट जागा फुकट देऊं केली. 2018 सालीं मालक बदलला आणि फुकट खात्यास केवळ 1,000 चित्रांची मर्यादा आली. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हनें 15 गिगाबाइटांचे 5 केले. गूगल फोटोज् ही सेवा 2015 च्या मे महिन्यांत निघाली, तेव्हां थोड्या लहान केलेल्या चित्रांस अमर्याद जागा फुकट होती. 1 जून 2021 पासून येणारें प्रत्येक चित्र 15 गिगाबाइटांच्या मापांत मोजलें जाऊं लागलें.

यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. यंत्रें, वीज व माणसें यांचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो. धर्मशाळेंत उतरलेल्या प्रवाशानें धर्मशाळा आपल्या नांवावर झाली असें समजूं नये, एवढेंच आमचें सांगणें.

स्मृतिकारांची कसोटी

दुसऱ्याच्या घरीं वस्तु ठेवणें हा व्यवहार कांहीं आजचा नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ठेवीचें स्वतंत्र प्रकरण आहे. आणि त्या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें ज्या चालुक्यांच्या कल्याणीस लिहिली, तें बसवकल्याण आमच्या लातूर-नांदेडच्या शिवेस लागलेल्या बीदर जिल्ह्यांतच आहे. मोजून, दाखवून दिलेली ठेव ती निक्षेप; आणि पेटींत बंद करून, आंत काय आहे हें न सांगतां दिलेली ती उपनिधि. आपण परवलीच्या शब्दाचें कुलूप लावून चित्रांची पेटी परक्याच्या हातीं देतों, तेव्हां उपनिधीचाच प्रकार करीत असतों.

या प्रकरणांतील नियम थोडे पण मार्मिक आहेत. ठेव जशी दिली तशीच परत करावी. राजानें नेली, दैवानें गेली किंवा चोरानें लांबविली, तर ठेव घेणाराकडे दोष नाहीं. मात्र धन्यानें मागितली असतां दिली नाहीं, आणि मग ती नष्ट झाली, तर त्यानें भरपाई करून वर दंडही द्यावा. आणि जो आपल्या मर्जीनें दुसऱ्याच्या ठेवीवर आपला निर्वाह करील, तो दंडास पात्र. त्यानें ती नफ्यासह परत करावी. फुकट सेवा निवडतांना हीच कसोटी लावावी असें आम्हांस वाटतें, आणि तिच्यांतून पुढील चार प्रश्न निघतात.

पहिला प्रश्न: चित्र जसें दिलें तसेंच परत मिळतें काय? पुष्कळ सेवा जागा वाचविण्यासाठीं चित्र लहान करतात. गूगल फोटोज् मध्यें मूळ चित्र ठेवावें कीं आटोपशीर करून ठेवावें, हें आपणांस निवडतां येतें; मोबाईलवर पाहण्यास फरक जाणवत नाहीं, पण जुन्या तसबिरीची उतरविलेली प्रत असेल तर मूळच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडलेलें चित्र तर बरेंच बारीक होतें. कुटुंबाच्या गटांत चित्रें आलीं म्हणजे तीं जपलीं गेलीं, हा समज सोडावा. मूळ चित्र धाडावयाचें असेल तर तें डॉक्युमेंट म्हणून धाडावें.

दुसरा प्रश्न: मागतांच सर्व चित्रें एकदम परत घेतां येतात काय? एकेक चित्र उतरवून घेण्याची सोय सर्वत्र असते, पण दहा हजार चित्रें एकेक करून कोण उतरविणार? गूगलनें 2011 पासून टेकआउट नांवाची सोय ठेवली आहे, तिनें सर्व संग्रह एकत्र बांधून मिळतो. कोणत्याही सेवेची परीक्षा सोपी आहे. प्रथम दहाच चित्रें ठेवावीं, आठ दिवसांनीं तीं परत मागवावीं, आणि मूळ चित्राशीं त्यांचें आकारमान व काढल्याची तारीख ताडून पाहावी. जो दहा चित्रें धड परत देत नाहीं, त्याच्या हातीं दहा हजार देऊं नयेत.

तिसरा प्रश्न: ठेवीवर कोण निर्वाह करतो, आणि ती कोणास दिसते? आपण छायाचित्रांचा जाहिरातींसाठीं उपयोग करीत नाहीं असें गूगल सांगतें. इतरांच्या अटींत याविषयीं काय लिहिलें आहे तें वाचल्याशिवाय होकाराची कळ दाबूं नये. शिवाय आपण जो दुवा नातलगांस धाडतों, तो ज्याच्या हातीं पडेल त्यास बहुधा चित्रें पाहतां येतात. घरच्या चित्रांसाठीं शक्य तेथें नांवानिशीं माणसें जोडावीं.

चौथा प्रश्न: आपण गेलों तर काय? गूगलच्या नव्या धोरणाप्रमाणें 2 वर्षें कोणीं न वापरलेलें खातें काढून टाकलें जाऊं शकतें. डिसेंबर 2023 पासून त्याचा अंमल आहे. म्हणजे ज्या वडिलांच्या खात्यांत घराचीं चित्रें आहेत, त्यांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तीं चित्रेंही नाहींशीं होण्याचा संभव! यावर उपाय गूगलच्याच व्यवस्थेंत आहे. खातें 3 ते 18 महिन्यांपैकीं आपण ठरवूं तितका काळ निजून राहिलें, तर आपण नेमलेल्या 10 पर्यंत विश्वासू माणसांस संदेश जावा व आपण सांगितलेला संग्रह त्यांस मिळावा, असें आधींच लिहून ठेवतां येतें. ॲपलनेंही 2021 च्या अखेरीपासून असा वारस नेमण्याची सोय दिली आहे. जो गृहस्थ बँकेच्या खात्यास वारस लावतो, त्यानें या खात्यास तो कां लावूं नये?

कोणती सेवा कोणत्या कामास

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. गूगल 15 गिगाबाइट जागा फुकट देतें. ॲपलचें आयक्लाउड व मायक्रोसॉफ्टचें वनड्राइव्ह प्रत्येकीं 5, आणि ड्रॉपबॉक्स 2. मोबाईलवरील एक चित्र सरासरीनें 3 मेगाबाइटांचें धरलें, तर 15 गिगाबाइटांत सुमारें 5,000 चित्रें बसतील. पण एका मिनिटाचें चलच्चित्र साठ ते सव्वाशें मेगाबाइट घेतें, आणि त्याच 15 गिगाबाइटांत आपली ईमेलचीं पत्रें, इतर कागद व अँड्रॉइड मोबाईलवरील व्हॉट्सॲपची राखीव प्रतही मोजली जाते. जागा भरली कीं पत्रें येणेंही थांबतें. म्हणून दररोज येणारीं सुप्रभाताचीं फुलें व सुविचार यांस या कोठारांत थारा देऊं नये.

फ्लिकरच्या फुकट खात्यांत 1,000 चित्रें राहतात, पण त्यांपैकीं केवळ 50 खाजगी ठेवतां येतात. अर्थात् ज्यास आपलीं निसर्गचित्रें जगास दाखवावयाचीं आहेत त्यास ती सेवा बरी. घरच्या मुलीबाळींच्या चित्रांसाठीं नव्हे. विकिमीडिया कॉमन्स हें 2004 पासूनचें ज्ञानदानाचें कोठार आहे. तेथें घरगुती चित्रांस जागा नाहीं, आणि जें द्यावें त्याचा उपयोग सर्वांस मोकळा करून द्यावा लागतो. परंतु कंधारचा किल्ला, औशाचा किल्ला, खरोशाचीं लेणीं किंवा होट्टलचीं देवळें यांचीं आपण स्वतः काढलेलीं चांगलीं चित्रें कोणाकडे असतील, तर त्यांची खरी जागा तीच; कारण जी वस्तु सर्वांची, ती एका घराच्या कुलुपांत कशाला?

घरच्या चित्रांसाठीं आम्ही स्वतः गूगलची जागा पसंत केली आहे. मोठें कारण एवढेंच, कीं घरांतील बहुतेकांचीं खातीं तेथें आधींच आहेत व साठीच्या पुढील माणसासही ती वापरतां येते. एकत्र कुटुंबास येथें एक विशेष लाभ आहे. घरांत आठ वडील माणसें असतील तर आठ खातीं, म्हणजे 120 गिगाबाइट जागा एक पैही न देतां मिळते. एका भावानें लग्नकार्यांचीं चित्रें सांभाळावीं, दुसऱ्यानें जुन्या तसबिरींच्या प्रती, सुनेनें मुलांचीं. आणि प्रत्येक संग्रह सर्वांस पाहण्यास खुला असावा. पूर्वीं भांडीं, दागिने व दस्तऐवज यांची अशीच वाटणी असे.

मात्र कारभार कोणाचा हें स्पष्ट असावें. आमच्या लातूरच्या पुतण्यानें गेल्या दिवाळींत मोठ्या खात्रीनें सांगितलें, "काका, काळजी करूं नका, सगळें गूगलवर आहे." आम्हीं विचारलें, "गूगलवर म्हणजे कोणाच्या नांवावर?" "माझ्या." "आणि तूं परदेशीं गेलास, मोबाईलचा क्रमांक बदलला, तर आंत शिरण्याचा आंकडा कोणाकडे येईल?" यावर तो हंसला, आणि त्याच सायंकाळीं त्यानें दुसरा क्रमांक जोडून परवलीचा शब्द कागदावर लिहून दिला. तो कागद आतां घराच्या खरेदीखताबरोबर पेटींत आहे. ज्या घरांत असा कागद नाहीं, त्या घरचीं चित्रें एका तरुणाच्या स्मरणशक्तीवर टांगलेलीं आहेत असें समजावें.

आणखी एक गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मुलाच्या लग्नाचीं चित्रें छायाचित्रकारानें दिलेल्या दुव्यावरच राहूं दिलीं. वर्षानें सून माहेरच्या मंडळींस दाखवूं गेली, तों दुव्याची मुदत संपलेली. छापलेल्या संग्रहांतील चाळीस चित्रें तेवढीं हातीं राहिलीं. मिळालेला दुवा म्हणजे मिळालेलें चित्र नव्हे. तो हातीं येतांच आंतील सर्व उतरवून घ्यावें.

चित्रें दाखवितांना मर्यादाही पाळावी. घरांतील स्त्रियांस विचारल्याशिवाय त्यांचें चित्र कोणत्याही खुल्या जागीं घालूं नये; वय, नातें वा मोठेपणा यांनीं ती परवानगी आपोआप मिळत नाहीं. स्नान घालतांनाचीं बाळांचीं चित्रें आजोळीं कौतुकाचीं असतात, चव्हाट्यावर नव्हेत. आज जें मूल बोलूं शकत नाहीं, तें उद्यां मोठें होऊन जाब विचारणार आहे, हें ध्यानांत धरावें.

मूळ प्रत घरीं

इतकें सारें पाहूनही आमचें मुख्य सांगणें राहतेंच. फुकट जागा दाखविण्यासाठीं आणि संकटकाळच्या एका प्रतीसाठीं वापरावी. मूळ ठेव मात्र स्वतःजवळ असावी. जाणते छायाचित्रकार एकूण 3 प्रती, 2 प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली 1 घराबाहेर, असा नियम पाळतात. आमच्या घरीं एक हार्ड डिस्क नांदेडास व तिचीच दुसरी प्रत लातुरास धाकट्या बंधूंकडे आहे. नांदेडास गोदावरीच्या पुराचें भय, लातुरास भूकंपाची आठवण. पण दोन्ही संकटें एकाच दिवशीं येण्याचा संभव थोडा. तिसरी प्रत गूगलवर. दर दिवाळीस दोन्ही घरच्या डिस्क चालवून पाहतों व नवीन चित्रें भरतों, कारण वर्षानुवर्षें कपाटांत पडलेलें यंत्र नेमकें हवें तेव्हां चालेलच असा भरंवसा नसतो.

त्याच वेळीं वर्षभराच्या चित्रांतून शंभर निवडून बाकीचीं निर्दयपणें कमी करावीं, आणि त्या शंभरांस नांवें द्यावीं. हें काम घरांतील वृद्धांचें आहे. मागच्या पिढींतल्या कितीएक स्त्रियांचें आयुष्यांतलें एकच चित्र असतें, तेंही एखाद्या लग्नाच्या समुदायांत, मागच्या रांगेंत, अर्धें कोणाच्या तरी पागोट्याआड. ती कोण, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंपर्यंतच तें चित्र तिचें आहे. पुढें तें कोणा एका अनोळखी बाईचें होईल. श्राद्धाच्या दिवशीं आपण आई, आजी व पणजी यांचीं नांवें उच्चारतों. त्या नांवांस चेहरे जोडून देण्याचें सामर्थ्य कोणत्याही सेवेंत नाहीं. तें घरांतील सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाच्या स्मरणांत आहे, आणि तीच ठेव सर्वांत अगोदर उतरवून घेतली पाहिजे. वाचकांनीं येत्या रविवारीं भिंतीवरची एक जुनी तसबीर काढून तिचें चित्र घ्यावें, आजीस शेजारीं बसवावें, आणि डावीकडून पहिल्या माणसापासून विचारण्यास आरंभ करावा.